तांबीची साठी

सातानं गुण, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी आपल्या हौसेनं गुणलं, तेही साहेबांसमोर आणि मोठ्या आवाजात. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. भोकरदनकडच्या एका सरकारी बियाणे फार्मवर कनिष्ठ लिपिक होतो आणि पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या बौद्धवाड्यातला, हात असलेल्या खुर्चीवर बसणारा पहिलाच माणूस होतो. गावाकडून कोणी भेटायला आलं की मी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवूनच बोलायचो. इतका शहाणा झालो होतो मी.

साल शहात्तर. आणीबाणी लागून वर्ष होत आलं होतं आणि कचेऱ्यांमधली घड्याळं एकाएकी बरोबर चालायला लागली होती. आमचे फार्म अधीक्षक तांगडे साहेब नुकतेच बदलून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदाला भ्यायचा, आणि भ्यालेला माणूस कागदात लिहिलंय त्याच्याही दोन पावलं पुढं पळतो. जूनच्या सुरुवातीला वरून पत्र आलं: अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झालेलं कोणी आस्थापनेवर राहिलं असेल तर ताबडतोब कमी करा. साहेबांनी आस्थापनेची वही मागवली, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून एकेकाचं वय विचारत खाली आले. शेवटची ओळ होती: ‘राखणीचे श्वान (मादी), नग एक, रंग तांबडा.’

ही ओळ म्हणजे आधीच्या साहेबांची करामत. फार्मवर ज्वारी-कपाशीचे बियाण्याचे प्लॉट, आणि त्यांच्यावर रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरांचा डोळा. वॉचमन सर्जेराव एकटा किती पुरणार? त्यानं पाळलेली तांबी मात्र रोह्यांचा कळप पार नदीपलीकडं पिटाळून यायची. तिला रोज भाकरीपुरती ज्वारी देता यावी म्हणून त्या साहेबांनी तिला सरळ आस्थापनेवर घेऊन टाकलं. तेव्हापासून दर महिन्याला तिच्या नावापुढं ‘हजर’ असा शेरा पडत होता आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

“हिचं वय?” तांगडे साहेबांनी विचारलं.

“नऊ साल, साहेब. बिलकुल नऊ,” आमचे हेडक्लार्क बद्रीनाथअण्णा म्हणाले.

इथं मी तोंड घातलं. आठवड्यापूर्वी भोकरदनला केस कापायला बसलो होतो, तेव्हा तिथल्या जुन्या साप्ताहिकाच्या कोपऱ्यात एक चौकट वाचली होती. “साहेब, कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात,” मी म्हणालो. “सात नवे त्रेसष्ट. माणसाच्या हिशेबानं ती त्रेसष्ट वर्षांची आहे.”

मला वाटलं साहेब हसतील, हुशार पोरगा आहे म्हणतील. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीवर बोट ठेवलं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. “म्हणजे पाच वर्षं जास्त नोकरी झाली की हिची! उद्या तपासणी आली तर मी काय सांगू?”

अण्णांनी माझ्याकडं डोळे वटारून पाहिलं. पण साहेबांची गाडी सुटली होती. तांबीला आस्थापनेवरून कमी करायचं ठरलं. कमी केलेली सरकारी वस्तू नोकराच्या घरच्यांना देता येत नाही. कुत्र्याचा लिलाव करायची रीत नाही. फार्मच्या हद्दीत खाजगी जनावर चालत नाही. मग उरलं काय? सोमवारी शहरातून मोकाट कुत्री धरणारी गाडी या रस्त्यानं जाणार होती, तिच्यात तांबीला द्यायचं. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत आलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी सही केली आणि कागद सर्जेरावला बजावायला मलाच पाठवलं.

सर्जेराव आणि त्याची बायको गिरिजाबाई फार्मच्या फाटकाजवळच्या एका खोलीत राहायचे. गिरिजाबाई आमच्याच गावची सून. फार्मवर रोजानं कामाला यायची. कपाशीच्या प्लॉटवर तिच्याइतका चलाख हात दुसऱ्या बाईचा नव्हता. मी गेलो तेव्हा ती चुलीपुढं होती आणि तांबी उंबऱ्यावर तोंड ठेवून पडली होती. मी कागद, सातानं गुणलेल्या वयासकट, वाचून दाखवला. वाचताना मान वर केली नाही, पण सगळा वाचला.

सर्जेराव मुळात कमी बोलणारा. त्यानं तांबीच्या पाठीवर हात ठेवला. “सरकारचा हुकूम हाय,” एवढंच म्हणाला आणि तो हात तिथंच राहिला.

“गावाकडं नेऊन ठेवा हिला,” मी म्हणालो.

“दोन साल मागं नेल्ती की,” गिरिजाबाई म्हणाली. “दुसऱ्या दिशी सकाळी फाटकाशी हजर. पायाचे तळवे सोलून आल्ती. हिला फार्म म्हंजीच घर, दुसरं काय म्हाईतच न्हाई.” मग तिनं तवा उतरवला आणि माझ्याकडं वळली. “ते सात कोनं ठरवले, बाबूसाहेब?”

“ठरवायचं काय त्यात? छापलेलं आहे.”

“छापणाऱ्यानं कधी कुत्री पाळल्ती का?”

मला राग आला. माझा राग पटकन येतो, अजूनही येतो. चूक आपली असली की जरा जास्तच येतो. “मावशी, हे गणित आहे,” मी म्हणालो. “तोंडानं बोलून काही होत नसतं.”

“मंग कशानं होतंय?”

“पुराव्यानं!”

गिरिजाबाईनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही, काही नाही. “बरं,” म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला बसली.

मी परत आलो खरा, पण शुक्रवारचा सगळा दिवस वाईट गेला. खिडकीतून बांध दिसायचा. कोणाच्या तरी शेळ्या प्लॉटकडं वळल्या की तांबी उठायची, दोनदा भुंकायची आणि शेळ्या मुकाट माघारी जायच्या. त्रेसष्ट वर्षांची म्हातारी अशी उठते का? मला राहून राहून माझी शाळेतली तारीख आठवायला लागली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आईला माझा जन्म विचारला. आई म्हणाली, “धोंड्याचा महिना व्हता, गुरुजी.” मास्तरांनी एक जून टाकली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती. आमची सगळ्यांची वयं अशी दुसऱ्यानं अंदाजानं लिहिलेली, आणि तेच मी एका मुक्या जिवाला केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण साहेबांकडं जाऊन ‘चुकलो’ म्हणायची हिंमत काही झाली नाही, हेही खरंच आहे.

शनिवारी कचेरी अर्धाच दिवस. अकराच्या सुमाराला गिरिजाबाई दारात उभी राहिली. स्वच्छ धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात कापडाची पुरचुंडी आणि मागं तांबी. तिच्याही मागं गोदामात बियाणं चाळायला आलेल्या द्वारकाबाई, मालनबाई आणि आणखी सात-आठ जणी. चाळण्या हातातच होत्या.

“ही काय जत्रा आहे?” साहेब म्हणाले.

“जत्रा न्हाई साहेब. पुरावा आणलाय,” गिरिजाबाई म्हणाली. “बाबूसाहेबांनीच मागितल्ता.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी टाइपरायटरकडं पाहिलं.

तिनं पुरचुंडी साहेबांच्या टेबलावर सोडली. आत लाल सुताचे गंडे होते, पीळ दिलेले, गाठ मारलेले. फार्मवर पोळ्याला बैलांना सजवतात तेव्हा सर्जेराव तांबीच्या गळ्यातही नवा गंडा बांधायचा, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्याचं काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं. लहानपणी गळा आवळायच्या आधीच, पुढं नवा बांधताना, गिरिजाबाई जुना गंडा गाठ न सोडता गळ्यातून काढायची आणि खोलीतल्या खुंटीला अडकवायची.

“दर पोळ्याला एक,” ती म्हणाली. “मोजा.”

अण्णांनी मोजले. “नऊ. मी बोललो व्हतो ना साहेब, बराबर नऊ.”

“नऊ आहे हे कोण नाही म्हणतंय?” साहेब म्हणाले. “प्रश्न सातानं गुणायचा आहे.”

“त्येच दावते.” गिरिजाबाईनं गंडे टेबलावर एकापुढं एक मांडले. “गळ्यात दोन बोटं जातील एवढा ढिला, असंच बांधायचं माप हाय आमचं. दर साली तेच. आता बघा. हा पहिल्या पोळ्याचा. तवा ही तीन म्हयन्यांची व्हती.” तो गंडा बांगडीएवढाही नव्हता. “हा दुसऱ्या पोळ्याचा.” दुसरा एकदम दुपटीला गेलेला. “हा तिसरा.” तिसरा दुसऱ्याहून जेमतेम बोटभर मोठा. “आन हे बाकीचे सहा. शेवटचा आज सकाळीच गळ्यातून काढलाय.”

बाकीचे सहा तिसऱ्यावर ठेवले तर तंतोतंत बसत होते. एक सूतही इकडं तिकडं नव्हतं.

मी खुर्चीवरून उठलो होतो. कधी उठलो ते कळलंच नाही.

“सगळी साले सारखीच असती साहेब,” ती म्हणाली, “तर गळा सारखाच वाढत गेला असता ना? ही तर दोन सालात वाढून मोकळी झाली. मंग पहिल्या सालाला बी सात आन नवव्याला बी सात, असं कसं?”

साहेब गंड्यांकडं बघत राहिले. त्यांना आकड्यांची आवड होती, भीती फक्त सहीची होती. “मग पहिल्या वर्षाला किती?” त्यांनी विचारलं, आणि ते खरोखरच विचारत होते.

“तुमची लेक बेबीनंदा किती सालाची हाय?”

“सात पूर्ण झाली.”

“तिचे दुधाचे दात पडून राह्यले. काल मला बोळकं दाखवून गेली.” बायका हसल्या. साहेबही थोडे हसले. “तांबीचे दुधाचे दात साडेपाच म्हयन्यात पडले. मी माह्या हातानं दाराबाहेर टाकले. म्हंजी अर्ध्या सालातच ही सात वर्षांची झाल्ती. आन साल भरलं तवा हिला पाच पिल्लं झाली. मला पहिला लेक झाला तवा मला सोळा साल भरल्ते. तुमच्या कागदापरमानं सात सालाची पोरगी पाच लेकरांची आई व्हती का, साहेब?”

द्वारकाबाईनं चाळणी तोंडावर धरली. अण्णा खोकल्याचं निमित्त करून वळले. साहेब लालबुंद झाले आणि माझ्याकडं बोट केलं. “सात हा आकडा कोणाचा?”

आता लपायला जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर लपायचंही नव्हतं. “माझा, साहेब,” मी म्हणालो. “न्हाव्याच्या दुकानात वाचला होता. चुकला. साफ चुकला.” एवढं बोललो आणि छाती मोकळी झाली. मी पाठकोरा कागद ओढला. “मावशी, तुम्ही सांगत जा. मी मांडतो.”

“मांडा.”

“पहिलं वर्ष सोळा. दुसऱ्या वर्षी वाढ पूर्ण. माणसात म्हणाल तर?”

“चोवीस,” ती म्हणाली. “त्याच्यापुढं माणूस वाढत न्हाई, नुसता रुंद होतो.”

“दोन वर्षांची चोवीस. आता त्यापुढं दर वर्षाला किती?”

इथं ती थांबली. मालनबाई म्हणाली, “शेवट धरा की. सुरुवात कळली, शेवट कळला, तर मधलं वाटून टाकता येतंय.” बियाण्याच्या ओळी आखताना त्या असंच करायच्या, दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या आणि मधलं अंतर सारखं वाटून घ्यायच्या.

गिरिजाबाईनं मान हलवली. “माह्या सासऱ्याचा एक कुत्रा सोळा साल जगला. डोळे गेल्ते, दात गेल्ते. माणसात ऐंशीचा म्हातारा असतोय तसा.”

मी भराभर मांडलं. ऐंशीतून चोवीस गेले छप्पन्न. सोळातून दोन गेली चौदा. छप्पन्नाला चौदानं भाग. “चार!” मी ओरडलोच. “साहेब, दर वर्षाला चार! दोन वर्षांची चोवीस, पुढच्या सात वर्षांची अठ्ठावीस. चोवीस आणि अठ्ठावीस, बावन्न! तांबी बावन्न वर्षांची आहे!”

“बावन्न?” गिरिजाबाईनं माझ्याकडं पाहिलं. “आन मी किती सालाची असन, बाबूसाहेब? कुणी लिवलंच न्हाई. रझाकाराच्या वक्ताला माहा थोरला आठ सालाचा व्हता.”

ते तर सोपं होतं. अठ्ठेचाळीसला मुलगा आठ, म्हणजे तो चाळीसचा. आई त्याच्याहून सोळानं मोठी. “बावन्न,” मी म्हणालो, आणि तांबीच्या बावन्नाखाली तेही मांडलं.

“म्हंजी ही माह्या बरोबरीची!” तिनं टेबलाखाली तांबीकडं बोट केलं. “साहेब, मी बियाण्याचं पोतं पाठीवर घेते. सकाळपासून सांजपर्यंत प्लॉटवर असते. मला सोमवारच्या गाडीत घालता का?”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तांबी टेबलाखाली त्यांच्या बुटांजवळ जाऊन बसली होती आणि त्यांनी पाय मागं घेतला नव्हता. “बावन्न म्हणजे अठ्ठावन्नच्या आत,” ते सावकाश म्हणाले. “नियमात बसतं.” सहीची भीती उतरली की माणसाचा चेहरा किती चांगला दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

“अठ्ठावन्न कशाला, साहेब?” अण्णा पुढं झाले. बावीस वर्षांची नोकरी अशा वेळी बोलते. “अठ्ठावन्न तर आपुन क्लार्क लोकांना. राखणदार चतुर्थ श्रेणीत येतो. त्याला साठ.”

“खरंच की!” साहेब जोशात आले. “संपत, टाइपरायटर. लिही. सदर श्वानाचे वय मानवी गणनेनुसार बावन्न वर्षे असल्याचे पुराव्यानिशी सिद्ध झाले असून, चतुर्थ श्रेणीस लागू असलेली साठ वर्षांची वयोमर्यादा विचारात घेता, सदर श्वानाची आठ वर्षे सेवा शिल्लक आहे. सबब यापूर्वीचा आदेश रद्द.”

मी ‘साठ वर्षांची’पर्यंत टाइप केलं आणि माझी बोटं थांबली.

साठातून बावन्न गेले आठ, हे बरोबर. पण ही आठ माणसाची वर्षं. तांबीची दोनच. साहेब जाताना गुणून गेले होते आणि येताना भागायचे विसरले होते.

मी मान वर केली. अण्णा चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते, ते लगेच छताकडं बघायला लागले. गिरिजाबाई गंडे गोळा करत होती. तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. तोही थांबला.

दोन दिवसांपूर्वीचा मी असतो तर उभा राहून म्हणालो असतो, साहेब, चूक आहे. चूक दाखवण्याइतकं गोड मला दुसरं काही लागत नव्हतं. पण एक चूक मी बडबडून केली होती आणि ती एका जिवावर उठली होती. ही दुसरी चूक गप्प राहून करायची होती, आणि तिच्यात कोणाचंच वाईट नव्हतं.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“रिबन अडकली होती, साहेब,” मी म्हणालो आणि टाइप केलं, आठ वर्षे. आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही.

साहेबांनी सही केली. मी गोल शिक्का इतका जोरात मारला की तांबी टेबलाखालून भुंकली. बायकांनी चाळण्यांवर ताल धरला. मालनबाईनं गोदामातल्या, बियाण्याला चोळायच्या लाल औषधाची पूड तांबीच्या कपाळाला लावायला काढली होती, अण्णांनी वेळेवर हात धरला. “अगं ते जहर हाय बाई, जल्दी टाक खाली!” मग गिरिजाबाईनं स्वतःच्या कुंकवाचा करंडा मागवला. फाटकात सर्जेराव उभा होता. आत यायचा त्याला धीर झाला नव्हता. मी कागद त्याच्या हातात दिला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखू यायचा. त्यानं कागदाची घडी केली, टोपीत ठेवली, आणि तो खाली बसून तांबीच्या मानेत तोंड खुपसून रडला. मी मोठ्या माणसाला असं आनंदानं रडताना पहिल्यांदा पाहिलं आणि मलाही आवरलं नाही.

सोमवारी कुत्र्यांची गाडी आली. तांबीनं तिला फाटकापासून मैलाच्या दगडापर्यंत भुंकून पोचवलं.

दोन वर्षांनी, जून अठ्ठ्याहत्तरात, गिरिजाबाई माझ्या टेबलाशी आली आणि गुळाचा खडा ठेवला.

“कशाबद्दल, मावशी?”

“आज तांबीची साठी भरली.”

मी दाराकडं पाहिलं. तांगडे साहेबांची बदली झाली होती, पण सवय गेली नव्हती. “म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?” मी हळूच विचारलं.

“मला वाचता येत न्हाई, लेकरा. हिशेब येतो.” लेकरा ती मला पहिल्यांदा म्हणाली, तोवर मी बाबूसाहेब होतो. “तू ‘आठ’ लिवताना थांबल्ता. मी बघितलं. मनात म्हणलं, आता हा पोरगा काय करतो बघावं.”

“आणि?”

“आन काय? गूळ खा.”

मी खाल्ला. कागदावर अजून सहा वर्षं शिल्लक होती.

एकोणऐंशीच्या पोळ्याला आणखी एक नवे साहेब फार्मवर रुजू होऊन आठच दिवस झाले होते. बैल सजून उभे होते. सर्जेरावनं तांबीच्या गळ्यात तेरावा गंडा बांधला, दोन बोटं घालून पाहिली, आणि गिरिजाबाईनं जुना काढलेला शेजारी धरला. दोन्ही सारखेच भरले. तांबीचं तोंड आता पांढरं झालं होतं आणि मागचे पाय सकाळी जरा वेळानं हलायचे, पण बांधावरची फेरी एकही दिवस चुकली नव्हती.

“ही अजून आस्थापनेवर कशी?” नव्या साहेबांनी विचारलं. मी कागद तयारच ठेवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, शिक्का पाहिला, माझ्याकडं पाहिलं. कागदापुढं त्यांचंही काही चाललं नाही. “आणि माणसाच्या वर्षांत हिचं आजचं वय काय?”

आकडा माझ्या जिभेवर होता. पण मी तो गिळला. “ते गिरिजाबाईंना विचारावं लागेल, साहेब. त्यांचं गणित आहे.”

गिरिजाबाईनं हात पदराला पुसले. “काय सांगू साहेब? आली तवा माही लेक व्हती. तांगडे साहेबांच्या टेबलावर माह्या बरोबरीची झाली. आता मला मागं टाकून माही थोरली बहीण झाली.” बोलता बोलता ती खाली वाकली आणि पोळ्याला बैलांच्या पायाशी टेकवतात तसं डोकं तिनं तांबीच्या पुढच्या पायांशी टेकवलं. “थोरलीला कुणी कामावरून काढतं का?”

नव्या साहेबांनी कागदाची घडी करून माझ्याकडं परत दिला. तेवढ्यात पलीकडच्या प्लॉटकडं कपाशी हलली. तांबीनं कान टवकारले, गिरिजाबाईच्या हाताखालून मान सोडवून घेतली आणि नवा लाल गंडा मिरवत, पूर्वीसारखी झेप नव्हती तरी पूर्वीइतक्याच मोठ्या आवाजात भुंकत, बांधाकडं निघाली. तीन रोही नदीकडं पळाले.

कचेरीत आल्यावर मी आस्थापनेची वही उघडली, शेवटच्या ओळीवर आलो आणि दर महिन्याला लिहितो तेच लिहिलं. राखणीचे श्वान, नग एक. हजर.